लिस्बनला पावणेदोन

हेलसिंकीहून लिस्बनला विमानाने किती वेळ लागतो, असं कुणी विचारलं की माझं डोकं फिरतं. विचारणाऱ्याने आधीच फोनवर बघितलेलं असतं. कुठल्यातरी पानावर अंतर दिलेलं असतं तीन हजार तीनशे एकसष्ट किलोमीटर, आणि वेळ चार तास चाळीस मिनिटं. मग तो मलाच ऐकवतो, चार चाळीस ना? मी म्हणते, कुठल्या डोंबलाचे चार चाळीस. माझ्या नवऱ्याला, निरंजनला, माझं हे तडकणं फार आवडायचं. चार माणसं जमली की तो मुद्दाम कुणालातरी तो प्रश्न विचारायला लावायचा आणि गालात हसत बसायचा.

मी अश्लेषा. मूळची गडहिंग्लजची. अकरा वर्षं मी हेलसिंकीत एका विमान कंपनीच्या नियंत्रण कक्षात डिस्पॅचर होते. म्हणजे विमान निघण्याआधी त्याचा रस्ता कुठला, उंची किती आणि टाक्यांत इंधन किती, हे ठरवायचं. सही वैमानिकाची, पण आकडा आमचा.

त्या पानावरचं अंतर म्हणजे पृथ्वीच्या गोलावर दोन विमानतळांमध्ये दोरा ताणला तर त्याची लांबी. तिला एका ठरावीक वेगाने भागायचं, वर अर्धा तास मिळवायचा, झाली वेळ. शाळेतल्या पोराने गणित सोडवावं तसं. पण त्या दोऱ्यावरून कुणीच उडत नाही. कुठे लष्कराने आकाश बंद ठेवलेलं असतं, कुठे गर्दी असते, कुठे वीज-पाऊस, की रस्ता साडेतीन हजारांवर जातो. त्यात लिस्बनला जाताना वारं बहुतेक समोरून येतं. विमान हवेत ताशी साडेआठशेने पळतं, पण ती हवाच शंभराने मागे सरकत असेल तर जमिनीवरून बघणाऱ्याला ते साडेसातशेनेच जाताना दिसणार. म्हणजे जमिनीवर साडेतीन हजार किलोमीटर कापायला हवेतले चार हजार कापावे लागतात, आणि इंधन हवेतल्या किलोमीटरांना जळतं. एवढं करून पोचलात तर लिस्बनला धावपट्टी एकच. धुकं असेल तर वर घिरट्या घालत बसा.

हे सगळं संगणकाला येतं, आणि चांगलं येतं. त्याला येत नव्हतं ते एवढंच, की अंदाज कधी खरा मानायचा आणि कधी त्याच्यावर विसंबायचं नाही. नोव्हेंबरात वाटेतल्या बिस्केच्या उपसागरावर नैऋत्येचं वारं सुटलं आणि लिस्बनला पहाटे धुकं पडलं, तर हवामान खातं म्हणतं धुकं नऊला विरेल. ते अकरापर्यंत विरत नाही. का, ते मला सांगता येणार नाही. अकरा वर्षं बघितलंय म्हणून माहीत आहे. अशा दिवशी मी गुपचूप वरचं इंधन घालायची.

या असल्या न लिहिलेल्या गोष्टींच्या मागे तेव्हा सगळे लागले होते. विचार करणाऱ्या यंत्रांनी जगातली पुस्तकं, नियमावल्या, अहवाल, सगळं वाचून संपवलं होतं. उरलं होतं ते माणसांच्या तोंडात. त्यासाठी नवीन पद्धत निघाली. जाणकार माणसाला त्याच्या कामाबद्दल मोकळेपणाने बोलू द्यायचं, महिनोन्महिने, आणि त्या बोलण्यातून यंत्राने स्वतःच नियम वेचायचे. आमच्या धंद्यासाठी बनलेल्या यंत्राचं नाव होतं तूली. फिनिश भाषेत तूली म्हणजे वारा.

तूली शिकली की आमची नऊ टेबलं दोनावर येणार, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. दोन हजार छत्तीसच्या सप्टेंबरात आमच्या संघटनेची बैठक झाली. कुणीही तूलीसमोर बोलायचं नाही, कक्षात ध्वनिमुद्रण होऊ द्यायचं नाही, असा ठराव आला. पहिला हात मी वर केला. पिर्को आमची सगळ्यांत जुनी डिस्पॅचर, साठीची, मला हे काम बोटाला धरून शिकवणारी. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. तिच्या मानाने ते भाषणच होतं.

त्याच महिन्यात निरंजनने माझ्यापुढे एक कागद ठेवला. त्याची कंपनी बोलींवर काम करायची. परदेशातल्या दवाखान्यांत म्हाताऱ्या माणसांची बोली नर्सला कळत नाही, त्यासाठी एक दुभाष्या बनवतोय, असं त्याने सांगितलं. गडहिंग्लजकडची बोली त्याला हवी होती. तो स्वतः नाशिकचा, त्याच्या मराठीला इस्त्री केलेली. ‘तू नेहमीसारखं बोल,’ तो म्हणाला, ‘स्वयंपाकघरातला स्पीकर ऐकेल. तुझ्या आईसारख्या बायकांना उपयोग होईल.’ आईचं नाव काढल्यावर मी कशाला वाचत बसते. सही ठोकली.

आणि मग काय सांगू, माझा नवरा सुधारला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, तोवर माझ्या कामात त्याला कवडीचा रस नव्हता. आता मी घरी आले की तो कांदा चिरायला घ्यायचा आणि विचारायचा, आज काय काय झालं? एवढ्यावर थांबायचा नाही. मग तू काय केलंस? वरचं किती घातलंस? का घातलंस? मी पोळ्या लाटता लाटता बोलत सुटायची. मी मूळचीच बडबडी, त्यात ऐकणारा मिळालेला. दिवसभर इंग्रजी आणि मोडकंतोडकं फिनिश बोलून जीभ आंबलेली असायची. घरी आल्यावर आमच्या गावाकडच्या भाषेत धाडधाड बोलायचं, यासारखं सुख नव्हतं. मी आईला फोनवर म्हटलंसुद्धा, की जावई आता माझं फार ऐकतात. आईने देवापुढे साखर ठेवली.

चौदा महिने असे गेले. त्यातल्या दुसऱ्या ऑक्टोबरात आमच्या कंपनीने जाहीर केलं की तूली तयार आहे आणि लिस्बनच्या मार्गापासून सुरुवात होईल. आम्ही थक्क झालो. आमच्यातलं कुणी बोललं नव्हतं, मग हिला शिकवलं कुणी? पिर्कोचा संशय निवृत्त झालेल्या दोघांवर होता. माझा कुणावर नव्हता, पण तोंड सगळ्यांत मोठं माझंच. ज्याने आमचा केसाने गळा कापला त्याला मी कँटीनमध्ये बसून यथेच्छ शिव्या घातल्या. निम्म्या मराठीत, कारण फिनिशमध्ये मला पुरेशा येत नाहीत.

नोव्हेंबरातली ती सकाळ. लिस्बनचं विमान साडेसातला होतं, दारं सात वीसला बंद होणार. आकडे आता तूली ठरवायची आणि आम्ही नुसती नजर टाकायची. सातला दोन मिनिटं कमी असताना मी नजर टाकली. बिस्केवर नैऋत्येचं वारं होतं, लिस्बनला धुकं. त्या मोसमातला तसला तो पहिला दिवस. तूलीने वरचं इंधन घातलं होतं सव्वीस किलो. शेजारच्या रकान्यात इंग्रजीत कारण लिहिलं होतं: वारं नैऋत्य, धुकं, म्हणून जादा पाहुणे, दोन.

मी आधी हसले. धुक्यात दोन पाहुणे कसले येतायत? पिर्कोला बोलावून दाखवलं. तिने खांदे उडवले. तूलीने दोन माणसांचं वजन वाढवून त्यांच्यापुरतं इंधन वाढवलं होतं, गणित बरोबर होतं, पण यादीत तसली दोन माणसं नव्हती. काहीतरी तांत्रिक गडबड, असं म्हणून ती आपल्या टेबलाकडे वळली. मी गंमत म्हणून ते मराठीत वाचलं. जादा पाहुणे दोन. मग आमच्या गावाकडच्या मराठीत वाचलं, आणि हातातला कप मला खाली ठेवावा लागला.

आमच्याकडे पाहुण्यांना पाहुणे कुणी म्हणत नाही. पावणे म्हणतात. पावणे आले, पावणे जेवले, पावणे दोन होते. आणि आमच्या धंद्यात टन हा शब्द कुणी उच्चारत नाही, आकडा सांगितला की टनच. गेल्या नोव्हेंबरात, अगदी अशाच वाऱ्याच्या दिवशी, मी कणीक मळताना निरंजनला सांगितलं होतं, ‘असलं वारं आणि असलं धुकं असलं ना, की मी लिस्बनला डोळं झाकून पावणेदोन जादा घालते.’

पावणेदोन टन. सतराशे पन्नास किलो. वर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं घिरट्या घालता येतील एवढं.

कक्षात मी हा आकडा मराठीत कधी बोलले नव्हते. कुणाशी बोलणार? हे वाक्य आख्ख्या जगात एकाच खोलीत बोललं गेलं होतं, आणि तेव्हा त्या खोलीत मी होते, माझा नवरा होता आणि फडताळावरचा स्पीकर होता. गळा कापणाऱ्याला मी महिनाभर शिव्या घालत होते, आणि ती मीच निघाले.

पण विमान उभं होतं. त्यात एकशे अठ्ठावन्न माणसं होती. कायद्याने लागणारं राखीव इंधन भरलेलं होतं, ते संपून विमान पडलं असतं असं मी म्हणणार नाही. पण त्या दिवशी उत्तरेचं पोर्तो विमानतळही धुक्यात होतं आणि बाकी सगळी विमानं दक्षिणेच्या फारोकडे वळणार होती. सव्वीस किलोच्या भरवशावर असल्या दिवशी मी माणसं पाठवत नाही. मी कॅप्टनला फोन लावला. सतराशे पन्नास घ्या म्हटलं. तो म्हणाला, तूली तर सव्वीस म्हणते, हे कुणाच्या हिशेबाने? मी म्हटलं, माझ्या. तो मला सात वर्षं ओळखत होता. त्याने टँकर परत बोलावला आणि विमान अकरा मिनिटं उशिरा सुटलं.

एवढं करून मी गप्प बसू शकले असते. फोनवरचं तूलीला कळत नाही, आणि दोन पाहुण्यांचं कोडं फिनलंडमध्ये कुणाच्या बापाला सुटलं नसतं. पण तूली फक्त आमची नव्हती. त्या महिन्यात ती आणखी चार कंपन्यांत बसली होती. रीगात, गदान्स्कमध्ये कुणीतरी नजर टाकणारा त्याच सकाळी जादा पाहुणे दोन असं वाचत असणार, खांदे उडवत असणार. त्या नियमात पाहुणे नाहीत, एक आकडा आहे, हे सांगू शकणारी मी एकटी होते. आणि सांगायचं म्हणजे तूलीच्या पोटात माझं बोलणं आहे हे कबूल करायचं. ठरावाला पहिला हात वर करणाऱ्या बाईने.

मी जिन्यात गेले आणि आधी निरंजनला फोन केला. वाटत होतं, तो चकित होईल, म्हणेल असं कसं होईल, थांब, मी बघतो. तेवढी आशा होती मला.

‘निरंजन, तूली मराठी कुठं शिकली?’

तो मग म्हणाला, ‘अशू, मी तुला सांगणारच होतो.’

मी फोन ठेवला आणि पिर्कोकडे गेले. उभ्यानेच सगळं सांगितलं. पाहुणे, पावणे, पाऊण, स्वयंपाकघर, दवाखान्याचा कागद. तिला मराठी अंकांची ती रचना दोनदा समजावून सांगावी लागली, की आमच्याकडे पाव कमी दोन याला वेगळा शब्द आहे. ती कागदावर लिहून घेत होती. लिहून झाल्यावर तिने पेनाला टोपण लावलं.

‘पहिला हात तू वर केला होतास,’ ती म्हणाली.

‘हो.’

‘म्हणजे तू शिकवलंस.’

मला म्हणता आलं असतं, की मला फसवलं. खरंही होतं ते. पण त्या यंत्रात जे होतं त्यातलं निम्मं पिर्कोने मला शिकवलेलं होतं. धुक्याचं तर सगळंच तिचं. तीस वर्षं जपलेलं तिचं शहाणपण मी पोळपाटाशी बसून वाटून टाकलं होतं, खुशीत, नवरा ऐकतोय म्हणून. मी ‘हो’ म्हटलं. तिने तो कागद घेतला आणि सगळ्या कंपन्यांना सूचना पाठवायला निघून गेली. त्यानंतर ती माझ्याशी कामापुरतंच बोलली.

विमान पाच तास छत्तीस मिनिटांनी उतरलं. त्यातली एक्केचाळीस मिनिटं लिस्बनवर घिरट्या. कॅप्टनने मेसेजवर नुसता वर केलेला अंगठा पाठवला.

दुपारी मी घरी आले तेव्हा निरंजन लवकर येऊन बसला होता. चहा केलेला होता. त्याने आधीपासून ठरवून ठेवल्यासारखं सगळं एका दमात सांगितलं. दवाखान्याचं काम खरंच होतं, सुरुवातीला. मग तूली बनवणाऱ्यांनी त्याची कंपनी घेतली आणि विचारलं, कुणी जाणकार माहितीतला आहे का? तो हो म्हणाला. मला विचारायचे ते प्रश्न त्याला दर सोमवारी यादीत यायचे. कांदा चिरत तो मला यादी विचारत होता.

‘तुझं नाव कुठंही नाहीये,’ तो म्हणाला. ‘आवाजही ठेवलेला नाही. नुसतं ज्ञान ठेवलंय. आणि हे होणारच होतं गं, तुझ्याकडून नाही तर दुसऱ्या कुणाकडून. निदान तुझं वाया गेलं नाही.’

त्याने चहाचा कप माझ्याकडे सरकवला. जरा दुखावल्या स्वरात तो म्हणाला, ‘चौदा महिने मी रोज तुझं ऐकलंय, अश्लेषा. किती नवरे ऐकतात?’

हे ऐकलं आणि इतका वेळ कुठेतरी अडकलेला माझा राग सापडला मला. मी ओरडले नाही. ओरडायची ती माझी नेहमीची भांडणं, भाजीत मीठ जास्त झाल्याची.

‘तू ऐकलंच नाहीस,’ मी म्हटलं. ‘तू प्रश्न विचारत होतास आणि ऐकत होता तो स्पीकर. तू ऐकलं असतंस तर पावणेदोनचे पाहुणे झाले असते का? तुला मराठी येतं ना? एकदा, नुसतं एकदा, यंत्राने काय लिहून घेतलं ते वाचून बघितलं असतंस तर तुला कळलं असतं. तुझ्या बायकोचं बोलणं होतं ते.’

त्याने खाली बघितलं. मला वाटलं, आता तरी हा म्हणेल, चुकलो. त्याने मान वर केली आणि विचारलं, ‘मग बाकीचे आकडे बरोबर आहेत का? सव्वा, दीड, अडीच? तेवढं सांग, विमानं उडतायत.’

प्रश्न बरोबर होता. विचारायलाच हवा होता. मी त्याला सांगितलं की पिर्कोला सगळे लिहून दिलेत, तिला विचार. चहा तसाच ठेवून मी आत गेले आणि दार लावलं.

आठवड्याभरात तूली दुरुस्त झाली. आता ती पाव, पाऊण, सव्वा, सगळं जाणते आणि धुक्याच्या दिवशी लिस्बनला बरोबर सतराशे पन्नास घालते. डिसेंबर अखेर नऊतली सात टेबलं उठली. मला कंपनीने ठेवायचं म्हटलं, तूलीला पुढचे मार्ग शिकवायला. निरंजनला वाटलं मी खूश होईन. मी नाही म्हटलं आणि बाकीच्यांबरोबर बाहेर पडले. निरोपाच्या दिवशी पिर्कोने सगळ्यांना मिठी मारली. माझ्याशी हात मिळवला.

वेगळं घर मी शोधतेय. हिवाळ्यात इथे घर मिळायला वेळ लागतो. स्पीकर निरंजनने त्याच दिवशी काढून टाकला होता, फडताळावर आता त्याचा गोल डाग आहे. तो म्हणतो, आता कुणी ऐकत नाही, आता बोल. मी त्याच्याशी इंग्रजीत बोलते. दूध संपलंय, वीजवाला येणार आहे, उद्या मला उशीर होईल, असलं सगळं इंग्रजीत. तो मराठीत विचारतो, मी इंग्रजीत उत्तर देते. पहिल्या आठवड्यात तो चिडला, मग रडलाही एकदा. मी मुद्दाम करत नाही. त्याच्यासमोर तोंड उघडलं की मराठी येतच नाही मला. शब्द ओठापर्यंत येतात आणि मागे फिरतात.

रविवारी आईचा फोन येतो. तो मी बाल्कनीत घेते, मागचं काचेचं दार ओढून घेऊन. परवा बाहेर उणे अकरा होतं. आई म्हणाली, ‘आवाज का गं थरथरतोय तुझा?’

‘भाईर हाय मी. थंडी हाय.’

‘मग आत जाऊन बोल की बाई. घर न्हाई व्हय तुला?’

काचेतून निरंजन टेबलाशी बसलेला दिसत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि उठून दार उघडायला आला. मी आतून येणारा त्याचा हात बघितला आणि बाहेरून दार घट्ट धरून ठेवलं.

‘नगं आई,’ मी म्हटलं. ‘हितंच बरं हाय.’